दिवसाआडचे मासे

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला नाव उरत नाही. मुलं त्यांना काका म्हणत, मुलांचे शिक्षकही काका म्हणत, आणि घरी बायकोने एकदा चुकून "अहो काका, जेवायला चला" अशी हाक मारली तेव्हा ती स्वतःच पोट धरून हसत बसली होती. कागदोपत्री त्यांचा हुद्दा होता 'प्रयोगशाळा परिचर'. परिचराने नेमकं काय करायचं हे कुणी कधी समजावून सांगितलं नाही, तेव्हा काकांनी आपल्यापुरता अर्थ लावून घेतला. पोरांनी सांडायचं, आपण पुसायचं. पोरांनी विसरायचं, आपण लक्षात ठेवायचं. आणि वर कुणाला कळू द्यायचं नाही.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाने सूक्ष्मदर्शकाचं भिंग फोडलं आणि काकांनी ते साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी त्या मुलाला परीक्षेलाच बसू दिलं नाही. भिंग काय, महिन्याभरात नवीन आलं. मुलगा काही परत आला नाही. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला: चहाडी करायची नाही. कुणी दिवा चालू ठेवून गेलं, बंद करा. कुणाची स्लाइड सुकत आली, थेंबभर पाणी सोडा. अळीमिळी गुपचिळी.

आता शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट हा काय प्रकार असतो, ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. पुस्तकातलं उतरवून भागत नाही. स्वतःच्या हातांनी काहीतरी करायचं, दोन महिने मोजत बसायचं आणि मग त्यावर अहवाल लिहायचा. दोघादोघांची जोडी. जोडीचा नियम जगात सगळीकडे एकच: एक राबणार, दुसरा नाव लावणार. काकांनी एकतीस वर्षांत अशा शेकड्याने जोड्या पाहिल्या होत्या, आणि दोघंही राबणारी जोडी त्यांना अजून भेटायची होती.

प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आठ वर्षांपूर्वी माशांचं प्रोजेक्ट सुरू केलं. खिडकीखालच्या लांब ओट्यावर सहा काचेच्या टाक्या, प्रत्येकीत दहा मासे, बोटाच्या पेराएवढे, चंदेरी. हवेचा पंप दिवसभर गुरगुरत असे. भिंतीवर एक तक्ता, त्यात सहा रकाने. खायला घातलं की मुलांनी त्या दिवसापुढे बरोबरची खूण करायची. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात चार ओळी लिहिलेल्या असत. पण काकांना त्या वाचायची गरज काय? त्यांना खुणा कळत होत्या.

आणि खुणांवरून सगळं उघड दिसत होतं. डावीकडच्या तीन टाक्यांना रोज खूण. उजवीकडच्या तीन टाक्यांना एक दिवस खूण, एक दिवस कोरं. काकांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. डावीकडच्या टाक्या राबणाऱ्याकडे, उजवीकडच्या नाव लावणाऱ्याकडे. बेटा एक दिवस येतो आणि एक दिवस दांडी मारतो. साडेचारला खोली बंद करताना काका उजवीकडच्या रकान्यांवरून नजर फिरवत. कोरं दिसलं की खाद्याचा डबा उघडून तिन्ही टाक्यांत एकेक चिमूट टाकत. सुट्टीच्या दिवशीही येऊन टाकत. खूण मात्र करत नसत, कारण अक्षर वेगळं दिसलं असतं आणि पोरगं पकडलं गेलं असतं.

आता कुणी म्हणेल, आठ वर्षं आठ निरनिराळी पोरं त्याच तीन टाक्यांना तसंच एक दिवस सोडून विसरतात, हे या माणसाला खटकलं कसं नाही? अहो, विद्यार्थ्यांबरोबर एकतीस वर्षं काढा आणि मग विचारा. काकांना नवल वाटलं ते एवढंच, की आळशी माणसंसुद्धा किती नेमाने आळस करतात.

यंदा घोटाळा झाला. प्रोजेक्ट सुरू होऊन चार दिवसही झाले नव्हते. टाकीचं पाणी बदलताना काका स्वतःच सांडलेल्या पाण्यावरून घसरले. दुसऱ्यांचं सांडलेलं पुसण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या नशिबी हे यावं. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, वर आणखी आठवडाभर काठी घेऊन घरातल्या घरात. खोली उघडायला आणि बंद करायला ग्रंथालयातला शिपाई यायचा, आणि तो तेवढंच करायचा. काका घरी खुर्चीवर पाय पसरून बसले आणि बायकोचं डोकं खात राहिले.

"मासे काय करत असतील गं?"

"पोहत असतील," बायको म्हणाली. "आणि तुम्ही तिथे नाही म्हणून सुखात असतील."

आठव्या आठवड्याच्या अखेरीस ते लंगडत कामावर आले. पंप गुरगुरत होता. डावीकडच्या टाक्या ठीक होत्या. उजवीकडे बघितलं आणि ते जागच्या जागी थबकले. माशांची डोकी तेवढी मोठी दिसत होती आणि मागे नुसती पट्टी. तिन्ही टाक्यांत एकही धड नाही.

यंदाच्या मुलीला सगळे 'चौकशी' म्हणत. ती प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट विचारायची: पंप किती वर्षांचा, पाणी कुठल्या टाकीतलं, काकांच्या चष्म्याचा नंबर किती. तिची जोडीदारीण दुसऱ्याच आठवड्यात कॉलेज बदलून गेली होती, त्यामुळे चौकशी एकटीच सगळं करत होती. काकांना आधी राग आला. मग त्यांनी तक्ता पाहिला आणि त्यांचं डोकं चालेनासं झालं.

सगळ्या खुणा एकाच हाताच्या होत्या. तीन टाक्यांना रोज. शेजारच्याच तीन टाक्यांना एक दिवस सोडून. डबा तोच, हात तोच, ओटाही तोच. रोज यायचं, तीन टाक्यांत खाद्य टाकायचं आणि चौथीपाशी येऊन झाकण लावायचं? दोन पावलं पुढे सरकायला हिच्या पायाला काय झालं होतं? प्लास्टर तर आपल्या पायाला होतं. काका तक्त्यापुढे चांगली पाच मिनिटं उभे राहिले. काही उलगडेना. शेवटी त्यांनी डबा हातात घेतला. कारण काही असो, मासे तर उपाशी होते.

तेवढ्यात शेजारच्या केबिनमधून मॅडमचा आवाज आला. दार उघडंच होतं.

"आठ वर्षं, आठ जोड्या. दर वर्षी दोन्हीकडची वजनं जवळजवळ सारखी. आणि तुझेच दिवसाआडचे मासे वजनाला निम्मे भरतात? तू दिवसाआड तरी दिलंस का?"

"दिलं, मॅडम. तक्ता आहे ना."

"तक्ता कुणीही भरतं. हे बघ, रोज न खाता दिवसाआड खाऊनही हा मासा तेवढाच वाढतो, हे आपण आठ वेळा दाखवलंय. या महिन्यात मी लेख पाठवणार होते. मत्स्यपालनवाले विचारताहेत की खाद्य निम्म्यावर आणू का. आणि तू मला हे आणून देतेस. परीक्षकांना काय सांगणार आहेस? उत्तर नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा कर."

पुढच्या वर्षी पुन्हा म्हणजे वर्ष गेलं. चौकशीला पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जागा मिळाली होती, हे तिने काकांना आधीच सांगून टाकलं होतं, कारण तिला काही पोटात ठेवताच येत नसे. ती जागाही जाणार.

काका डब्याचं झाकण हातात धरून उभे होते. दिवसाआड. म्हणजे मुद्दाम? म्हणजे ते कोरे रकाने कोरेच राहायला हवे होते? त्यांनी टाचा उंचावून तक्त्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली, आणि मग झाकण हळूच परत लावलं.

घरी गेल्यावर बायको कपड्यांना इस्त्री करत होती. काका समोर बसले.

"उपाशी ठेवलेल्याला खायला घातलं, तर ते वाईट का गं?"

"कुणी ठेवलंय उपाशी?"

"कॉलेजने."

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग काकांनी सगळं सांगितलं, आठ वर्षांचं, चिमटीचिमटीचं. ती ऐकत राहिली.

"मग तुम्ही वाईट काय केलंत?" ती म्हणाली. "भुकेल्या तोंडी घास घातला."

"तेच तर मला कळत नाही. वाईट काय केलं ते कळत नाही, आणि झालंय तर वाईटच."

"पण आठ वर्षांत एकदा कुणाला बोलला का नाहीत?"

"पोरांचं नाव पुढे येऊ नये म्हणून."

"आणि आता या पोरीचं आलं," बायको म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी." आणि तिने पुन्हा इस्त्री हातात घेतली. काका त्या घड्यांकडे बघत राहिले. चोर म्हणजे आपण, हे त्यांना कळलं होतं, पण चोरलं काय ते काही केल्या सापडेना.

दुसऱ्या दिवशी चौकशी ओट्यापाशी एकटीच टाक्या धूत होती. काकांनी तिला सांगून टाकलं. तिने सवयीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. कुठल्या दिवशी? किती वाजता? किती चिमटी? सुट्टीच्या दिवशी पण? काका सांगत गेले, आणि तिचे प्रश्न एकेक करून संपले. शेवटी ती गप्प झाली. चौकशी गप्प बसलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"कुणाला सांगितलंत का?"

"घरी फक्त."

"मग नका सांगू. तुमच्या निवृत्तीला किती महिने राहिलेत?"

"सात."

"सात महिने राहिलेत आणि आता चौकशी लावून घ्यायची?" आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती स्वतःच जराशी हसली. "मी सांगेन पाण्याची निगा नीट राहिली नाही. बघू काय करतात ते."

"आणि तुझं वर्ष?"

"बघू म्हटलं ना, काका."

हे काकांच्या डोक्यावरूनच गेलं. जिला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर हवं असतं, तिच्या हातात उत्तर आलं तर ती ते गिळून बसली. ही आपल्यासाठी खोटं बोलणार. का? आपण हिचे कोण? मोठ्या माणसाने तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं की असलं काही करू नकोस. काका तसं म्हणाले नाहीत. खोटं कशाला सांगा, त्यांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून आठवडाभर घास गोड लागला नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. किडकिडीत, शांत गृहस्थ, बोलताना समोरच्याकडे न बघता कागदाकडे बघणारे. टेबलामागे ते आणि मॅडम, समोर चौकशी, आणि दाराशी पाण्याचे पेले ठेवलेला ट्रे घेऊन काका. पेले टेबलावर ठेवून बाहेर जायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

"आधीच्या आठ अहवालांशी तुझे आकडे जुळत नाहीत," परीक्षक म्हणाले. "कारण काय असेल?"

"माझ्याकडून पाण्याची निगा नीट राहिली नाही, सर. माझीच चूक असणार."

"पाणी किती दिवसांनी बदलत होतीस?"

"लक्षात नाही, सर."

लक्षात नाही! दर तिसऱ्या दिवशी बदललेल्या पाण्याची तारीख, वेळ आणि तापमान तिच्या वहीत होतं. काकांनी ती वही पाहिली होती. इतकी नीटस वही त्यांनी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. पोरीने एक नोंद सोडली नव्हती, आणि आता आपल्याच तोंडाने ती स्वतःला गबाळी ठरवत होती. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"पाणी स्वच्छ होतं," काका म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर थांबा."

"थांबतो, मॅडम. पण पाणी स्वच्छ होतं आणि हिचे मासे बरोबर आहेत. आधीचे आठ वर्षांचे चुकलेत. ते मी चुकवलेत." त्यांनी ट्रे टेबलावर ठेवून दिला. "ज्या दिवशी खूण नसायची त्या दिवशी मी खायला घालायचो. मला वाटायचं पोरं विसरली. यंदा पाय मोडला म्हणून राहिलं."

परीक्षकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "किती घालायचात?"

"टाकीला एक चिमूट. साडेचारला."

"न चुकता?"

"न चुकता," काका म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना या शब्दाची लाज वाटली.

परीक्षक सावकाश म्हणाले, "म्हणजे आठ वर्षांत इथला एकही मासा दिवसाआड जेवला नाही. हा प्रयोग यंदा पहिल्यांदाच झाला." त्यांनी आधी लिहिलेली ओळ खोडली आणि चौकशीला म्हणाले, "वही दाखव बघू. आणि मला पुन्हा 'लक्षात नाही' असं सांगू नकोस."

चौकशी पास झाली, आणि त्या वर्षीच्या सगळ्या प्रोजेक्टांत तिलाच सर्वांत जास्त गुण पडले. जाताना ती काकांना काहीतरी बोलणार होती, पण तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने नुसता त्यांचा दंड घट्ट धरला आणि ती गेली. काकांना वाटलं होतं आपल्यावर आरडाओरडा होईल, निदान एक कागद तरी हातात पडेल. तसलं काही झालं नाही. कुणी रागावलंच नाही, त्यामुळे आपलं चुकलं किती याचा अंदाजच येईना. त्यांनी दोन दिवस मुकाट्याने फरशी पुसली.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर काका कधी बसले नव्हते. टेबलावर कोरे कागद होते.

"लेख मी पाठवत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "मत्स्यपालनवाल्यांनाही कळवलंय. मी रागावलेली नाही, काका. फक्त एक खरंखरं सांगा. आणखी कुठे कुठे मदत केलीत?"

काका विचारात पडले. मदत किती केली, हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एरवी अशा प्रश्नाने त्यांची छाती फुगली असती. त्यांनी अलीकडून पलीकडे जायला सुरुवात केली. गांडुळांच्या कोरड्या खोक्यांवर ते पाणी शिंपडत. फ्रीजमधली बेडकाची अंडी सुट्टीत गारठू नयेत म्हणून बाहेर काढून ठेवत, आणि सोमवारी मुलं यायच्या आत परत आत. मुंग्यांच्या वारुळात साखर. अंधारात ठेवायच्या अळ्यांच्या कपाटाचं दार फटीएवढं उघडं, जीव घुसमटू नये म्हणून. मॅडम लिहीत होत्या. एक कागद भरला. दुसरा घेतला. दहा वर्षं, पंधरा, वीस. बोलता बोलता काका मध्येच थांबले.

"का थांबलात?"

"पुढचं आठवत नाही," काका म्हणाले. कुणी कुठला पेला कुठल्या साली फोडला हे ज्याला तोंडपाठ, तो माणूस म्हणतो आठवत नाही.

मॅडमनी कागदावरच्या सालांवरून पेन खाली आणलं आणि शेवटच्या ओळीखाली ठेवलं. त्याच्या आधीचं साल त्यांचं होतं. मॅडम याच कॉलेजच्या. तेव्हा त्यांच्या दोन वेण्या असायच्या आणि काका त्यांना 'ए मुली' म्हणायचे. त्यांचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट होतं गोगलगायींवर: चोवीस गोगलगायी, पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेल्या, आणि तेच आकडे घातलेला चोवीस कप्प्यांचा एक मोठा उघडा खोका. संध्याकाळी घरी जाताना मोकळ्या सोडायच्या आणि सकाळी येऊन बघायचं, कोण आपल्या कप्प्यात परतलंय. त्याच अहवालावर त्यांना पदक मिळालं. पदकावर शिष्यवृत्ती आणि शिष्यवृत्तीवर ही खुर्ची.

"सगळ्या परत यायच्या, काका," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "रोज सकाळी. आपापल्या कप्प्यात. तेवीस दिवस, एकूण एक."

काकांनी फरशीकडे पाहिलं. खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं. पण परवाच एका पोरीला खोटं बोलताना पाहिलं होतं, आणि ते कसं दिसतं हे ठाऊक झालं होतं.

"भिंतीवर चढलेल्या असायच्या, मॅडम," ते म्हणाले. "काही खिडकीच्या गजांवर. एकदा दोन बेसिनमध्ये होत्या. मी सातला यायचो, तुम्ही दहाला यायचात. कुणाच्या पायाखाली यायला नकोत म्हणून..."

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांचं तोंड असं काही झालं, की काकांना वाटलं आपण काहीतरी अर्धवट सांगितलं आणि त्यांचा गैरसमज झाला. ते घाईघाईने पुढे सरकले.

"पण एकही दुसरीच्या कप्प्यात गेली नाही हो," ते म्हणाले. "चुकणार कशी? आकडे होते ना त्यांच्या पाठीवर."